गाईच्या गळ्यातील पट्टा आणि माजाचा हिशेब

गाईचा एक माज हुकला की पुढील माजासाठी गोपालकास सुमारे २१ दिवस थांबावे लागते. तितके दिवस भाकड काळ लांबतो व चाऱ्याचा खर्च अंगावर पडतो. माज साधारणतः १२ ते १८ तासच टिकतो, आणि रात्री सुरू झाल्यास तो सहसा नजरेस येत नाही.

माजावरील गाय अस्वस्थ होऊन नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक चालते, हे १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पावले मोजून दाखविण्यात आले. हालचाल टिपणारे सेन्सरचे पट्टे याच तत्त्वावर चालतात. मात्र या नोंदींचा हिशेब कोठे व्हावा, याचा विचार गोपालकाने अवश्य करावा. तो पट्ट्यात वा मोबाईलमध्ये होऊ शकतो, किंवा इंटरनेटने जोडलेल्या दूरच्या संगणकावर, म्हणजे ‘क्लाउड’मध्ये.

समजा, सेन्सर तीन दिशांची हालचाल सेकंदास २५ वेळा टिपतो व प्रत्येक आकड्यास २ बाइट लागतात. मग एका गाईच्या एका दिवसाच्या नोंदी सुमारे १ कोटी ३० लाख बाइट भरतात. त्या सर्व धाडावयाच्या तर पट्ट्याची बॅटरी लवकर संपते. पट्ट्यानेच हिशेब करून दर १५ मिनिटांस २ बाइटांचा एकच आकडा धाडला, तर दिवसाचे काम २०० बाइटांच्या आत भागते.

दुसरी बाब वेळेची. सायंकाळी माज दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा नियम आहे. रात्रभर रेंज नसल्यास क्लाउडची सूचना उशिरा पोहोचते व रेतनाची योग्य वेळ टळते. हिशेब मोबाईलमध्येच होत असल्यास रेंजवाचूनही सूचना मिळते. मात्र मोबाईल पट्ट्याच्या टप्प्यात असला पाहिजे.

क्लाउडचेही लाभ आहेत. मोबाईल हरवला तरी तेथील नोंदी राहतात, आणि अनेक गाईंच्या नोंदी ताडून हिशेबाची रीत सुधारता येते. म्हणून तातडीची सूचना गोठ्यातच मिळावी व दीर्घकाळच्या नोंदी क्लाउडमध्ये राहाव्यात, हीच विभागणी हितावह होय.

ग्रामसेवकांनी पट्ट्याची शिफारस करण्यापूर्वी मोबाईलचे इंटरनेट बंद करून सूचना येते की नाही, हे गोपालकासमक्ष पाहावे. सूचना आली तरी गाईचे हंबरणे, दुसऱ्या गाईंवर उडणे व काचेसारखा स्वच्छ बळस ही लक्षणे डोळ्यांनी पाहूनच रेतनाचा निर्णय घ्यावा.