गाळणीवर उरलेले

ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधले लोकरीच्या गिरण्यांचे जुने शहर. १९९२ साली तिथे न्यूमोनियाची साथ आली. पहिला संशय लीजनेला या जिवाणूवर होता. हा जिवाणू अमिबाच्या पोटात बिऱ्हाड करतो, हे टिमोथी रोबॉथम यांनी त्याआधी बारा वर्षे दाखवून दिले होते. म्हणून त्यांनी कूलिंग टॉवरच्या पाण्यातले अमिबे तपासले. एका अमिबात गोल कण दिसले. जिवाणू ओळखण्याच्या ग्रॅम रंजनात या कणांनी रंग धरला, म्हणजे हा जिवाणूच, असे ठरले. 'ब्रॅडफर्डकॉकस' असे नाव मिळून नमुना शीतपेटीत गेला.

रोबॉथम यांना दोष कसा द्यावा? विषाणू कशाला म्हणायचे, हे बरोबर शंभर वर्षांपूर्वी एका गाळणीने ठरवून टाकले होते. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून काढला. जिवाणू वर अडकले, तरी खाली उतरलेला रस रोग पसरवतच राहिला. तेव्हापासून गाळणीतून निसटेल तो विषाणू, वर उरेल तो जिवाणू अशी वाटणी झाली. पुढे विषाणूंच्या शोधात निघालेला माणूस आधी पाणी गाळून घेई, खालचे जपून ठेवी आणि वरचे टाकून देई. चहाच्या चोथ्याचे आपण करतो, तेच.

ब्रॅडफर्डचा तो नमुना पुढे फ्रान्समध्ये मार्सेयला पोहोचला. तिथे बर्नार्ड ला स्कोला आणि दिदिए राऊल्त यांचा गट त्याच्या मागे लागला. रायबोसोमचे जनुक प्रत्येक जिवाणूत असतेच. इथे ते काही केल्या सापडेना. अखेर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर वीस बाजूंचे रेखीव कवच आणि त्याभोवती दाट तंतूंची लव! असले कवच विषाणूचेच. २००३ साली 'सायन्स'मध्ये त्याची ओळख जगाला झाली : मिमिव्हायरस, म्हणजे सूक्ष्मजीवाचे सोंग घेणारा. (कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरून गाजले ते राऊल्त हेच. त्या औषधावरचा त्यांचा निबंध २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. मिमिव्हायरसचे काम मात्र पक्के आहे.)

पुढच्याच वर्षी त्याच्या जनुकांचा हिशेब लागला. डीएनएची सुमारे १२ लाख अक्षरे, नऊशेहून अधिक जनुके. तुलनेसाठी, कोविडच्या विषाणूची जनुकसंहिता ३० हजार अक्षरांत आटोपते. आकड्यापेक्षा बोचणारी गोष्ट वेगळीच होती. प्रथिने घडवण्याच्या यंत्रणेचे काही सुटे भाग या विषाणूने स्वतःजवळ बाळगले होते. हे काम विषाणू यजमान पेशीच्या जिवावर उरकतो, असे आपण शाळेपासून शिकलेलो.

शैवालांवर काम करणाऱ्यांना एवढा धक्का बसायचे कारण नव्हते. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये जेम्स व्हॅन एटन १९८०च्या दशकापासून क्लोरेला या हिरव्या शैवालाचे विषाणू अभ्यासत होते, आणि त्यांतल्या एकाची संहिताच ३ लाख ३० हजार अक्षरांची होती. समुद्रातल्या एमिलियानिया हक्सलेयी या शैवालाचा विषाणूही असाच मोठा. हे शैवाल माजले की समुद्र मैलोन्‌मैल दुधाळ होतो, तो उपग्रहातून दिसतो. मग हा विषाणू पसरतो आणि तो बहर ओसरतो. पण शैवालांच्या दुखण्याकडे वैद्यकाचे लक्ष कधी जाणार? न्यूमोनियाचे नाव निघाले, तेव्हा कुठे कान टवकारले गेले.

मग शोधांची रांगच लागली. २००८ मध्ये पॅरिसच्या एका कूलिंग टॉवरमधून मामाव्हायरस निघाला (आपला मामा नव्हे, मिमीहून किंचित मोठा, म्हणून आई). त्याच्या प्रती जिथे घडतात त्या अमिबातल्या कारखान्यात शिरून स्वतःची पैदास करणारा आणि त्याचीच वाढ बिघडवणारा चिमुकला स्पुटनिकही सोबत सापडला. विषाणूला लागलेला विषाणू, अगदी चोरावर मोर! २०१३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावरून आणि मेलबर्नच्या तळ्यातून पॅंडोराव्हायरस आले. त्यांतल्या मोठ्याची अक्षरे सुमारे २५ लाख. तसेच कण जर्मनीत एका रुग्णाच्या कॉन्टॅक्ट लेन्सवरच्या अमिबात आधीच दिसले होते, पण तेव्हा त्यांना विषाणू म्हणायचे कुणाच्या मनात आले नाही. २०१४ मध्ये सैबेरियाच्या ३० हजार वर्षे गोठलेल्या मातीतला पिथोव्हायरस अमिबात पुन्हा जागा झाला. लांबी दीड मायक्रोमीटर, पण डीएनए मिमिव्हायरसच्या जेमतेम निम्मा. बडा घर पोकळ वासा.

प्रथिनयंत्रणेच्या त्या सुट्या भागांवरून या काळात एक मोठा दावाही झाला : हे जीवसृष्टीचे चौथे कूळ आहे. मला तो कधी पटला नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या सांडपाण्यातून क्लोस्न्यूव्हायरस मिळाला. त्याच्याकडचे प्रथिनयंत्रणेचे भाग वेगवेगळ्या यजमानांकडून वेळोवेळी उचललेले दिसतात. म्हणजे वाडवडिलांची इस्टेट नव्हे, उसनवारी.

आपल्याकडचा अभ्यास २०१९ चा. आयआयटी मुंबईच्या किरण कोंडाबागिल यांच्या गटाने सांडपाण्यापासून तलावापर्यंत मुंबईतले वीस नमुने अमिबांसोबत वाढवले. वीसच्या वीस नमुन्यांत महाकाय विषाणू निघाले. चौघांची संहिता तपासली. त्यांची नावे मिमिव्हायरस बॉम्बे, पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस आणि कुर्लाव्हायरस. घाबरू नका, ते अमिबांच्या मागावर असतात. त्याच अभ्यासात एका घरातल्या वॉटर प्युरिफायरचा प्री-फिल्टरही तपासला होता. त्यावर अडकलेल्या डीएनएत महाकाय विषाणूंच्या खुणा होत्या, आणि सर्वांत जास्त पॅंडोराव्हायरसच्या कुळाच्या.