फाटकाचा खांब कोठें कुजतो ?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत राहणारास लाकडाचें काय अप्रूप ? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं साग नेला तो ह्याच बाजूचा. तरीहि भामरागड तालुक्यांत, बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं जेथें लोकबिरादरी प्रकल्प उभारला त्या हेमलकशाच्या आसपास फिरतांना कुंपणांकडे जरा लक्ष द्यावें. कोठें फाटकाचा खांब कलला आहे, कोठें फाटक भुईवर घासत आहे, तर कोठें तें नुसतें दोरीनें बांधून ठेविलें आहे. जो साग खांबाजोगा जाड व्हावयास निदान एक पिढी जाते, तो चार-पांच पावसाळ्यांत निकामी व्हावा ही लहान हानि नव्हे. शिवाय फाटक पडलें कीं एका रात्रींत रानडुकरें वाडींत शिरतात, आणि सकाळीं मक्याचें एक ताट उभें दिसत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, असा पडलेला खांब मिळाला तर तो नीट न्याहाळून पाहा. वरचा भाग खणखणीत असतो. अगदीं खालचें बूडहि पुष्कळदां बऱ्या स्थितींत असतें. भुसा होतो तो भुईच्या रेषेजवळचा वीत-दीड वीत भाग. चाकूचें टोंक तेथें लोण्यांत शिरावें तसें शिरतें. असें कां व्हावें ?

लाकूड कुजतें तें पाण्यामुळें नव्हे, तर बुरशीमुळें. ह्या बुरशीस अन्न, ऊब, ओल व हवा हीं चारहि लागतात. लाकडांत शेंकडा वीसांहून कमी ओल असली तर तिचें चालत नाहीं. म्हणून उंचावरचें, वाऱ्यानें सुकणारें लाकूड टिकतें. खोल जमिनींत ओल विपुल, पण हवा थोडी. भुईच्या रेषेवर मात्र दोन्ही एकत्र येतात. पाटण्याजवळ कुम्राहार येथें १९१२-१३ सालीं स्पूनर यांनीं उत्खनन केलें तेव्हां मौर्यकाळचे लाकडी चौथरे भुईखालीं शाबूत सांपडले. ओल्या गाळांत हवा न पोंचल्यामुळें तीं लाकडें बावीस शतकें राहिलीं, आणि आपला खांब पांच वर्षें राहत नाहीं ! तेव्हां खांब पुरण्याची सारी विद्या ह्या एका विटेएवढ्या पट्ट्यापाशीं पाणी साठूं न देण्यांत आहे.

प्रथम लाकडाची निवड. झाडाच्या खोडांत सालीजवळ फिकट लाकूड असतें व आंत गडद गाभा. फिकट भागांत बुरशी व वाळवी या दोहोंचें आवडतें अन्न असतें. गाभ्यांत झाडानें स्वतःच कडू औषध भरून ठेविलेलें असतें. म्हणून साग, खैर, बीजा किंवा गराडी यांचा गाभ्याचा खांब घ्यावा. कोवळ्या सागाचा बारीक वासा हा नांवाचाच साग, कारण त्यांत गाभा जवळजवळ नसतोच. सावर व सालई यांचा तर विचारच नको. लाकूड सरकारी डेपोंतून पावतीनिशीं आणावें व सावलींत रचून उन्हाळाभर सुकवावें.

आतां खड्डा. बिजागऱ्या ज्यावर बसतात त्या खांबावर फाटकाचें सारें ओझें आडवें पडतें. त्यासाठीं खड्डा तीन फूट खोल असावा, दुसऱ्यासाठीं अडीच फूट पुरे. तळाशीं सहा इंच जाडीची खडी घालावी, म्हणजे बुडाशीं आलेलें पाणी खालीं झिरपेल. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकतों. पण खांबाच्या बुडाखालीं खडी व वाळू हेच खरे मित्र होत. मग खांब ओळंब्यानें सरळ उभा करून खडी-मातीचे थर सहा-सहा इंचांनीं भरावे व प्रत्येक थर धुमसानें ठोकावा. वरचा थर भुईहून उंच, चोहोंकडे उतरता ठेवावा.

कित्येक लोक हल्लीं सिमेंट ओततात. त्यास हरकत नाहीं, पण दोन चुका फार होतात. एक, खांबाच्या बुडाखालींहि सिमेंट घालणें. तसें केल्यास त्याचा पेला होतो आणि आंत शिरलेलें पाणी बाहेर पडत नाहीं. दुसरी, सिमेंटचा माथा भुईच्या खालीं सपाट ठेवणें. उन्हाळ्यांत लाकूड आकसतें, सिमेंट आकसत नाहीं. त्या फटींत पहिला पाऊस शिरतो. म्हणून माथा भुईच्या वर, बाहेरच्या बाजूस उतार देऊन करावा व फट दरसाल डांबरानें बुजवावी.

बूड जाळून काळें करण्याची चाल जुनी आहे. कोळसा बुरशीस खातां येत नाहीं हें खरें. पण तो तडकतो, आणि तडीखालीं कोरें लाकूड उघडें पडतें. केवळ तेवढ्यावर भिस्त ठेवूं नये. डांबराचेंहि तसेंच. ओल्या लाकडास डांबर फांसणें म्हणजे ओल्या सदऱ्यावर रेनकोट चढविणें होय. खरें संरक्षण औषध खोलवर मुरवल्यानें मिळतें. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेंत सोंती कामेशम् यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व सोमल यांच्या क्षारांचें मिश्रण सिद्ध केलें, आणि पुढें जगभर तारांचे खांब त्यांत बुडविले गेले. सोमल विषारी असल्यामुळें अमेरिकेंत २००४ पासून घरगुती कामांत त्याचा वापर बंद झाला. असे जुने खांब चुलींत कधींहि घालूं नयेत. त्यांचा धूर व राख दोन्ही घातक.

माथा विसरूं नका. लाकडाचें कापलेलें तोंड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. वरून पाणी त्यांतूनच उतरतें. तो तिरपा कापावा किंवा त्यावर पत्र्याची टोपी बसवावी.

जुन्या वाड्यांतील खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, भुईला शिवत नाहींत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. फाटकाच्या खांबास ती सोय नाहीं, कारण त्यास बाजूचा ओढा सोसावयाचा असतो. मात्र सिमेंटांत लोखंडी पट्ट्या रोवून, त्यांत खांब भुईच्या दोन इंच वर बोल्टांनीं आवळला, तर दोन्ही गोष्टी साधतात. खर्च थोडा अधिक येतो.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस थांबला कीं खांबाभोंवतीं सांचलेली माती व पाला दूर करावा, वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर खरवडाव्या, आणि दाभण टोंचून पाहावें. तें सहज शिरलें तर खांब बदलण्याची वेळ आली. त्याचा वरचा निकोप भाग मात्र जाळूं नये. फाटकाच्या आडव्या पट्टीस किंवा वर्गांतील बाकाच्या पायास तो अद्याप चांगला उपयोगीं पडतो.