‘सोंगाड्या’चा विनोद व आमची अभिरुचि

विनोदी बोलपट पाहून लोक हंसले, यांत तक्रार करण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु कोणत्या विनोदास हंसणें सभ्यपणाचें, यावर मुंबईच्या मराठी प्रेक्षकांत १९७१ सालापासून उघड दोन पक्ष आहेत. त्या वर्षीं दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आला. भोळा नाम्या, त्याची करारी आई व तमाशाच्या फडांतील कलावती, एवढेंच त्याचें भांडवल. त्यास वसंत सबनीसांची लेखणी व राम कदमांचें संगीत यांची जोड मिळाली. दादरच्या ‘कोहिनूर’ चित्रपटगृहांत देव आनंद यांच्या हिंदी बोलपटापुढें त्यास जागा मिळेना, तेव्हां शिवसेनेस मध्यें पडावें लागलें. पुढें दादांच्या एकामागून एक बोलपटांनीं रौप्यमहोत्सव गांठले.

गिरगांव-दादरकडील सुशिक्षित गृहस्थ म्हणत, हीं द्व्यर्थी गाणीं बायकामुलांसह ऐकण्याजोगीं नाहींत. लालबाग-परळचा गिरणीकामगार म्हणे, पाळी संपवून आलेल्या माणसास घटकाभर हंसूं द्या. ही आमच्याच गांवची बोली आहे.

पहिल्या पक्षास आमचें एक विचारणें आहे. १९३८ सालीं मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ या बोलपटांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखांत दिसल्या, तेव्हांही संस्कृति बुडाल्याची ओरड झालीच होती. आज तोच बोलपट आचार्य अत्र्यांच्या विनोदाचा नमुना म्हणून गौरविला जातो. पदवीधराची थट्टा तें चातुर्य व नायगांवच्या कामगारवस्तींत वाढलेल्या नटाची थट्टा तो चावटपणा, हा न्याय नव्हे. हें निव्वळ सोवळें आहे.

परंतु ‘गर्दी लोटते, म्हणजे चांगलेंच’ हा दुसऱ्या पक्षाचा जबाबही आम्हांस मान्य नाहीं. गर्दी गुत्त्यावरही लोटते. तमाशांतील सोंगाड्याचा मान मोठा, तो कशामुळें? पाटलास, राजास, कोतवालास तो भर फडांत टोमणा मारूं शकतो म्हणून. सबनीसांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यांत दादांनीं हवालदाराच्या वेषांत राजदरबाराची रेवडी उडविली, ती याच परंपरेंतली. पुढील बोलपटांत मात्र विनोदाचा रोख अधिकाराकडून वळून वारंवार स्त्रीच्या देहाकडे गेला, हें नाकारतां येत नाहीं. बलवानास टोचणारा विनोद धीट असतो. जिच्या तोंडीं उलट उत्तरच लिहिलेलें नाहीं, तिच्यावरील विनोद भित्रा होय.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व तो प्रेक्षकवर्ग पांगला. वाद मात्र नव्या विनोदी बोलपटाबरोबर पुन्हां उभा राहतो. अशा वेळीं सेन्सॉरची कात्री मागणें आम्हांस पसंत नाहीं, आणि तिकीटविक्रीचे आंकडे पुढें करणेंही नाहीं. आमच्या वाचकांनीं घरीं परततांना सोबतच्या पत्नीस, बहिणीस, मुलीस एवढेंच विचारावें, कीं तुम्हांस कोठें हंसूं आलें व कोठें मान खालीं घालावी लागली? आजवर दोन्ही पक्ष त्यांच्या नांवानें भांडले. त्यांचें मत कोणी घेतलें नाहीं.