मोटारसायकलच्या पिशवीत कोणती हत्यारे असावीत?

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता सिल्लोड, गोळेगाव ही गावे मागे टाकून अजिंठा गावापाशी पठाराच्या कडेला येतो. तेथून वळणे घेत तो घाट उतरतो आणि पायथ्याच्या फर्दापूरला पोहोचतो. वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली जुनी सराई फर्दापुरात आहे. आजचा वाटसरू मात्र बहुधा मोटारसायकलवर असतो आणि न थांबता पुढे जातो.

समजा, तुम्ही तुमच्या काकांच्या मागे बसून या घाटातून उतरत आहात. दिवस मावळत आला आहे. अचानक मागचे चाक डगमगू लागते. काका गाडी हळूहळू कडेला घेतात. पंक्चर! काका हत्यारांची पिशवी उघडतात. तिच्यात सात-आठ पाने आहेत, हातोडीसुद्धा आहे. पण मागच्या चाकाच्या आसाच्या नटाला बसेल असा पाना एकही नाही! खाली फर्दापूरचे दिवे दिसत आहेत, पण रुतलेल्या टायरची गाडी तेथवर ढकलत न्यायची आहे, तीही अंधारात, वळणावळणाच्या रस्त्यावरून आणि मागून ट्रक येत असताना.

काकांचे चुकले कुठे? त्यांनी हत्यारे गोळा केली, पण ती निवडली नाहीत. निवड करायची तर सुरुवात हत्यारांपासून न करता बिघाडांपासून करायला हवी. प्रत्येक बिघाडाला तीन प्रश्न विचारा. तो वरचेवर होतो का? त्याने गाडी जागीच अडते का? आणि तो रस्त्याच्या कडेला आपल्या हाताने दुरुस्त होण्याजोगा आहे का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील, तरच त्या बिघाडाचे सामान पिशवीत घ्यायचे.

या कसोटीला सर्वांत आधी उतरते ते पंक्चर. ट्यूब असलेल्या टायरचे पंक्चर काढायचे तर प्रथम चाक सोडवावे लागते. आसाचा नट चांगलाच घट्ट असतो. समजा, तो ६० न्यूटन-मीटर एवढ्या पिळाने आवळला आहे. पीळ म्हणजे बल गुणिले अंतर. पाना १५ सेंटिमीटर लांबीचा असेल, तर त्याच्या टोकावर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४१ किलो वजनाइतके बल लावावे लागेल. लांबी ३० सेंटिमीटर झाली, तर निम्मे बल पुरेल. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला की पाणी ओढणे सोपे जाते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आखूड पान्याच्या दांड्यावर बसेल असा लोखंडी नळीचा एक तुकडा जवळ ठेवला, तर लांब पाना बाळगावा लागत नाही.

पाना कोणत्या प्रकारचा असावा? उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. सारे बल थोड्याशा जागेवर येते आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. एकदा नट गोल झाला की योग्य पानाही त्याच्यावर सरकतो. रिंग पाना नटाच्या सहाही कोपऱ्यांना वेढतो, त्यामुळे बल वाटले जाते. घट्ट नटांसाठी रिंग पानाच हवा, आणि तोही नेमक्या मापाचा.

चाक निघाले की टायर रिमवरून उचलायला दोन टायर लिव्हर लागतात. तीही तरफच. मग ट्यूबचे छिद्र शोधायचे, भोवतालची जागा काचकागदाने घासायची, सोल्युशन लावायचे आणि थांबायचे! सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून जाण्याआधीच घाईने पॅच चिकटवला, तर तो सुटण्याची शक्यता फार. हेच द्रावक एकदा उघडलेल्या नळीतूनही हळूहळू उडून जाते. म्हणून सहा महिन्यांपूर्वी फोडलेल्या नळीवर विसंबू नका. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवा, पण जपून. खिळा तेथेच राहिला असेल, तर पुन्हा पंक्चर ठरलेलेच.

आता हवा. ट्यूबमध्ये ५ लिटर जागा आहे आणि आत बाहेरच्यापेक्षा दोन वातावरणे जास्त दाब हवा आहे, असे धरू. म्हणजे एकूण दाब तीन वातावरणांचा झाला. बॉइलच्या नियमाप्रमाणे त्यासाठी बाहेरची १५ लिटर हवा आत कोंबावी लागेल. छोटा हातपंप एका झटक्यात १०० घन सेंटिमीटर हवा ढकलत असेल, तर १५० झटके लागतील. गळती धरली तर त्याहून जास्त. घाम येईल खरा, पण काम होईल.

काकांच्या गाडीला ट्यूबलेस टायर असते तर? मग चाक काढायची गरजच नव्हती. खिळा उपटून त्या छिद्रात चिकट रबरी दोरी खुपसली आणि हवा भरली की झाले. टायर लिव्हर आणि पॅच, दोन्ही घरी राहिले असते. यावरून एक गोष्ट लक्षात येते. शेजाऱ्याच्या पिशवीची यादी उतरवून घेण्यात अर्थ नाही. पिशवी आपल्याच गाडीची असली पाहिजे.

पंक्चरखालोखाल क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल. केबलची तार बहुधा टोकापाशी तुटते, कारण तेथे ती पुन्हा पुन्हा वाकते. तार हाताने पुढेमागे वाकवत राहिली की तुटते, हे तुम्ही पाहिलेच असेल. एक-एक जादा केबल, पक्कड आणि पेचकस एवढ्याने काम भागते. जादा फ्यूजला तर वजनच नाही. जळालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार मात्र कधीही बसवू नये. फ्यूज जळून वायरिंगला वाचवतो, तार वायरिंगच जाळू शकते. चेन लॉकने जोडलेल्या चेनसाठी एक जादा लॉक घ्यावे. त्याची चिमटी बसवताना तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे.

स्पार्क प्लग आणि प्लग पाना एके काळी सर्वांत महत्त्वाचे होते. दोन धावांच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळे आणि प्लग काजळीने माखे. आजच्या चार धावांच्या इंजिनात हे क्वचित घडते. तरीही प्लग पाना हलका असल्याने तो ठेवायला हरकत नाही.

काही बिघाड तिसऱ्या प्रश्नापाशी अडतात. ब्रेक निकामी झाला, पुढचा फोर्क वाकला किंवा इंजिनातून खडखडाट येऊ लागला, तर पिशवी बंदच ठेवावी. ‘हळूहळू जाऊ’ म्हणत घाट उतरण्याऐवजी मदत बोलवावी. आणि दुरुस्ती कोणतीही असो, गाडी वळणावर न ठेवता सरळ, मोकळ्या जागी घ्यावी. यासाठी पिशवीत एक विजेरी आणि मागून येणाऱ्यांना दिसेल असे चकाकणारे कापड हवेच.

करून पाहा : तुमचे गाडी चालवण्याचे वय अजून झालेले नसेल, पण घरच्या गाडीची पिशवी तपासायला परवाना लागत नाही! एखाद्या रविवारी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, फक्त पिशवीतल्या हत्यारांनी मागचे चाक काढून पुन्हा बसवा. बाहेरचे जे हत्यार लागले, ते पिशवीत घाला. नंतर क्लचची केबल बदलण्याचीही अशीच तालीम करा. दोन्ही कामांत ज्याला हातही लागला नाही, ते हत्यार का ठेवायचे, याचे कारण वहीत लिहा. कारण सुचले नाही, तर ते बाहेर काढा. शेवटी आधीची आणि नंतरची पिशवी तोलून पाहा. पिशवी हलकी झाली की जड, आणि का?