बंड्या, जगून दाखव!

टेबलावरचा बोन्साय पिवळा पडला की आपला हात आधी पाण्याच्या बाटलीकडे जातो, आणि घोळ तिथंच होतो. मरायला टेकलेल्या एका बुटक्या झाडाची आणि त्याच्या नादानं शहाण्या झालेल्या एका रूममेटची ही गोष्ट.

गेल्या नोव्हेंबरात मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला की मी कॅमेरा बंद ठेवायचे. ‘नेट स्लो आहे गं,’ म्हणायचे. नेट झकास होतं. प्रॉब्लेम मागच्या टेबलावर होता. तिथं बंड्या उभा होता आणि बंड्याच्या अंगावर एकही पान नव्हतं.

बंड्या म्हणजे माझ्या रूममेटचा बोन्साय. उंची जेमतेम फूटभर, रताळ्यासारख्या फुगलेल्या मुळांवर ऐटीत उभा. तिनं तो अकरावीत असताना घेतला आणि सहा वर्षं सांभाळला. सप्टेंबरात ती एमएससाठी जर्मनीला निघाली. गाडीत बसताना मला दोनच कामं सांगितली, ‘आईला अधूनमधून फोन कर आणि बंड्याकडे बघ.’ पहिलं काम मी नीट केलं.

दुसरं जरा जास्तच नीट करायला गेले. बाल्कनीत बिचारा उन्हात भाजतोय, असं वाटून त्याला आत स्टडी टेबलावर आणला. रोज सकाळी ग्लासभर पाणी, संध्याकाळी स्प्रे. दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. पानं गळायला लागली. मी खत मागवलं आणि चमचाभर जास्तच घातलं. नोव्हेंबर संपता संपता कुंडीत उरला एक खराटा.

शेवटी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं एका नर्सरीत गेले. तिथल्या काकांनी बंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘बाळा, रोज पाणी घालतेस ना?’ मी अभिमानानं ‘हो’ म्हटलं. ‘तेच तर,’ काका म्हणाले.

आधी नाडी बघा

काकांनी अंगठ्याच्या नखानं एका बारीक फांदीची साल किंचित खरवडली. आत तपकिरी, कोरडं. फांदी मेलेली. थोडं खाली, जाड फांदीवर पुन्हा खरवडलं. आत ओलसर हिरवी रेघ दिसली आणि पांढरा चीक आला. ‘जीव आहे,’ काका म्हणाले. मला तिथंच रडू यायचं बाकी होतं.

ही चाचणी कुणालाही जमते. टोकापासून सुरुवात करायची आणि हिरवं दिसेपर्यंत खाली यायचं. पानं नाहीत म्हणजे झाड मेलं, असं नसतं. बंड्याच्या जातीची झाडं तर जागा बदलली, उजेड एकदम कमी झाला तरी रुसून पानं टाकतात. या जातीला मराठीत नांदरुक म्हणतात. वड, पिंपळ, उंबर यांचा हा भाऊबंद. याच जातीची अवाढव्य झाडं आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उभी असतात. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नाही. मूळ झाड तेच असतं, फक्त उथळ कुंडी, मुळांची छाटणी आणि फांद्यांची छाटणी करून ते लहान ठेवलेलं असतं. चीनमध्ये ही कला जन्मली, जपानमध्ये बहरली. ‘बोन’ म्हणजे पसरट कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लावणं.

तहानलेलं की बुडालेलं?

गंमत बघा. पाणी कमी पडलं तरी झाड मलूल होतं आणि जास्त झालं तरी मलूलच होतं. कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिखल राहिली की मुळं गुदमरतात, सडतात. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं आणि आपण आणखी पाणी ओततो.

काकांनी बंड्याला कुंडीतून अलगद बाहेर काढलं. नाल्यासारखा वास आला. निरोगी मूळ घट्ट असतं, टोकाला पांढरट असतं. बंड्याची निम्मी मुळं काळी होती आणि चिमटीत धरली की त्यांची साल मोज्यासारखी निघून येत होती. वरून शोभेचे गोटे चिकटवलेले, खाली नुसता कोकोपीट आणि बारीक माती. पाणी निथळायला वावच नव्हता.

‘हे काम खरं तर पावसाळ्याच्या तोंडावर करायचं,’ काका म्हणाले, ‘पण मुळं सडत असताना मुहूर्त बघत बसायचं नसतं.’

मग ऑपरेशन. कात्री स्पिरिटनं पुसली. काळी, लिबलिबीत मुळं कापली, घट्ट असलेली ठेवली. मेलेल्या काड्याही छाटल्या. नांदरुकाचा चीक त्वचेला त्रास देऊ शकतो, म्हणून हात लगेच धुवायचे आणि ते डोळ्यांना लावायचे नाहीत. नवी माती म्हणजे मुख्यतः विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, थोडी जाड वाळू, थोडा कोळसा आणि जेमतेम मूठभर कुजलेलं शेणखत. सगळं आधी चाळून त्यातली धूळ टाकून दिली, कारण तीच पुन्हा चिखल करते. कुंडीच्या भोकांतून तार ओवून बंड्याला घट्ट बांधला. झाड हलत राहिलं तर नवी नाजूक मुळं तुटतात. शेवटी खालून पाणी वाहेपर्यंत पाणी घातलं आणि पूर्ण निथळू दिलं.

‘खत?’ मी विचारलं. ‘तापानं फणफणलेल्या माणसाला पुरणपोळी वाढतेस का?’ काकांनी विचारलं. नवीन पालवी येऊन ती चांगली वाढेपर्यंत खत बंद.

‘इनडोअर’ नावाचा गोड गैरसमज

आपल्या डोळ्यांना घरात बराच उजेड वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला तसं करता येत नाही. भर दुपारच्या उन्हात उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. मोकळ्यावरच्या सावलीतसुद्धा काही हजार लक्स मिळतात. खोलीत आतल्या टेबलावर मात्र जेमतेम काहीशे. मोबाइलवर लक्स मीटरचं ॲप टाकून बघा, अगदी अचूक नसलं तरी फरक कळतो. मी बंड्याला उन्हातून वाचवलं नव्हतं, उपाशी ठेवलं होतं.

जन्मानं कुठलंच झाड ‘इनडोअर’ नसतं. काही झाडं खोली सहन करतात, एवढंच. त्यामुळे बंड्या परत बाल्कनीत गेला. पण थेट उन्हात नाही. आधी भरपूर उजेडाच्या सावलीत, अंगावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घालून. मुळं कमी असताना हवेतला दमटपणा टिकला तर झाडाला धीर येतो. पिशवी रोज थोडा वेळ उघडायची, नाहीतर बुरशी धरते. आणि ती उन्हात ठेवायची नाही, नाहीतर झाड आत उकडून निघतं.

पाण्यासाठी काकांनी दिलेली युक्ती तर फुकट आहे. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत खोल खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची. ओली, गडद निघाली तर पाणी नाही. कोरडी व्हायला आली असेल तर भरपूर पाणी घालायचं आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. ‘रोज एक ग्लास’ हा नियम झाडाला कळत नाही.

तुमच्या टेबलावर कोण आहे?

• नांदरुक किंवा वडाच्या जातीचा बोन्साय: खोलीत सगळ्यात चिवट. जागा सारखी बदलू नका. खिडकीच्या अगदी जवळ ठेवा.

• जेड: पानांत पाणी साठवतो. माती पूर्ण सुकू द्या, मगच पाणी. पानं मऊ, पिवळी पडून गळत असतील तर बहुतेक वेळा जास्त पाण्याचा परिणाम. पानांना सुरकुत्या पडल्या तर तहान.

• जुनिपर: दिसायला देखणा, पण याला मोकळी हवा, ऊन आणि थंडी लागते. खोलीत टिकत नाही. शिवाय मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. भेट म्हणून घेताना दोनदा विचार करा.

• पानं चिकट लागतायत, कापसासारखे पांढरे ठिपके किंवा फांदीवर तपकिरी खवले दिसतायत? पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असेल. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसून काढा.

सगळ्यात अवघड उपाय

यानंतरचं काम सगळ्यात अवघड होतं. काहीच करायचं नव्हतं. एक आठवडा, दोन, तीन... रोज उठून बंड्याकडे बघायचं आणि हात मागे बांधून परत फिरायचं. दर दोन दिवसांनी खरवडून बघायचा मोह व्हायचा. तो आवरायचा, कारण प्रत्येक खरवड ही जखमच असते.

याच दिवसांत वाचता वाचता हिरोशिमाच्या एका पाइन बोन्सायबद्दल कळलं. 1625 पासून तो कुंडीत वाढतोय. 1945 मध्ये अणुबॉम्ब पडला तेव्हा यामाकी कुटुंबाच्या नर्सरीत, स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशाला होता. वाचला. 1976 मध्ये या कुटुंबानं तो अमेरिकेला भेट दिला, पण हिरोशिमाबद्दल कुणाला कळलं नाही. 2001 मध्ये नातवंडं त्याला बघायला वॉशिंग्टनला गेली तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. एवढ्या वर्षांत त्याला पाणी घालणारे हात कितीदा बदलले असतील! बोन्साय जुना होतो तो असाच, एकानं दुसऱ्याच्या हातात देत देत. आणि मला तो सप्टेंबर ते नोव्हेंबरसुद्धा पेलला नव्हता.

डिसेंबरातल्या एका कॉलवर मी कॅमेरा सुरू केला आणि खराटा दाखवला. सगळं सांगून टाकलं. ती गप्प. मग म्हणाली, ‘अगं, बंड्या तिसरा आहे. आधीचे दोन मी मारलेत. पहिला पाणी घालून, दुसरा कपाटावर ठेवून.’

‘हे आधी सांगायचं ना!’

‘तू घाबरली असतीस.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘इथं चार वाजता अंधार पडतो गं. मलापण खिडकीत ठेवायला पाहिजे कुणीतरी.’ तिकडे सगळं मस्त चाललंय, असं ती तीन महिने मला सांगत होती. त्या रात्री आम्ही दोन तास बोललो. बंड्याबद्दल त्यातली दहा मिनिटं.

जानेवारीच्या मध्यावर, एका सकाळी, जाड फांदीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक दिसलं. मी फोटो काढला, झूम केला, पाठवला. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. तरी पाच मिनिटांत रिप्लाय आला. नुसतीच किंकाळी, व्हॉइस नोटमध्ये.

आज बंड्याला तेवीस पानं आहेत. एक बाजू अजून उघडीच आहे, ती फांदी गेली ती गेली. काका म्हणतात, वर्षभर कात्री लावू नकोस, आधी अंगात ताकद येऊ दे.

परवा तिनं कॉलवर विचारलं, ‘पाणी घातलंस का त्याला?’

मी काडी खुपसून बघितली. ओली होती.

‘आज नको,’ म्हटलं.