ओढणारा कुत्रा आणि त्याचा गळा

कुत्र्याला फिरायला नेताना तो सारखा पुढे ओढतो, ही पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. परंतु या ओढण्यामागे हट्ट किंवा अरेरावी असते हा समज बरोबर नाही. कुत्र्याची सहज चाल माणसापेक्षा वेगवान असते, वाटेतला प्रत्येक खांब आणि कोपरा त्याला वासाच्या रूपाने खुणावत असतो, आणि ओढ दिली की माणूस मागोमाग येतो हे त्याला रोजच्या अनुभवाने पक्के ठाऊक झालेले असते. ही सवय मोडायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, आणि तेवढ्या काळात त्या ओढीचा भार शरीराच्या कोणत्या भागावर पडणार हे पूर्णपणे पाळणाऱ्याने निवडलेल्या साधनावर अवलंबून असते.

गळपट्ट्याखाली नेमके काय असते, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे. कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशा ऊतीच्या कड्यांमुळे उघडी राहते. तिच्या लगतच अन्ननलिका, मानेतील मोठ्या शिरा, अवटू ग्रंथी आणि स्वरयंत्राकडे जाणारे मज्जातंतू असतात, आणि या साऱ्यांना बरगड्यांसारखे कवच नसते. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये कुत्र्याच्या मानेच्या प्रतिकृतीवर वेगवेगळे गळपट्टे बांधून साध्या ओढीपासून जोरदार हिसक्यापर्यंतचा दाब मोजला, तेव्हा इजेची शक्यताच उरणार नाही इतका कमी दाब देणारा पट्टा त्यांना एकही आढळला नाही. रुंद आणि मऊ अस्तराचे पट्टेही त्याला अपवाद नव्हते. त्यापूर्वी 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गळपट्टा घालून ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब वाढतो, हार्नेस घातल्यावर मात्र तसा वाढत नाही, असे दिसून आले होते. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिकेची कडी सैल पडून ती दबण्याचा विकार आढळतो आणि त्याचा कर्कश, हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला कित्येक घरांत घशात काहीतरी अडकले म्हणून सोडून दिला जातो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर मुळातच श्वास घेताना कष्ट पडतात. अशा कुत्र्यांच्या गळ्याला दोरी बांधून फिरवू नये. गळपट्ट्याचा उपयोग नाव-पत्त्याचा बिल्ला अडकवण्यापुरता ठेवावा.

ओढीनुसार आवळत जाणारी चोक चेन आणि आतल्या बाजूने बोथट काटे असलेला पट्टा ही साधने वेदनेच्या भीतीवर चालतात. समोरून दुसरा कुत्रा येत असताना गळा आवळला गेला, तर ती वेदना आपल्या ओढण्यामुळे झाली असे कुत्र्याला वाटेलच असे नाही. तिचा संबंध तो समोरच्या कुत्र्याशी जोडू शकतो, आणि मग पूर्वी केवळ उत्सुक असणारा प्राणी गुरगुरू लागतो. ही साधने बाजारात सहज मिळतात, पण ती घेऊ नयेत.

गळ्याऐवजी छाती आणि बरगड्यांवर भार घेणारे हार्नेस हा सर्वांत योग्य पर्याय आहे, मात्र सगळी हार्नेस सारखी नसतात. बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा साजही हार्नेसच असतो, आणि तो कुत्र्याला आरामात ओढता यावे म्हणूनच घडवलेला असतो. त्यामुळे केवळ पाठीवर कडी असलेल्या हार्नेसने गळा वाचला तरी ओढ कमी होत नाही. छातीच्या मध्यभागी कडी असेल, तर ओढ देताच कुत्र्याचे अंग बाजूला वळते आणि पुढे जाण्याचा जोर आपोआप ओसरतो. खांद्यांवरून आडवा जाणारा पट्टा पुढच्या पायांच्या हालचालीला अडथळा करतो, म्हणून छातीच्या हाडावर येऊन दोन्ही बाजूंना फाकणारी रचना पाहावी. माप घेताना पुढच्या पायांच्या मागे, छाती जिथे सर्वांत खोल असते तिथला घेर मोजावा. पट्ट्याखाली दोन बोटे सपाट सरकली पाहिजेत, आणि काखेत पट्टा रुतता कामा नये. आठवडाभर वापरल्यावर काखेतले केस बाजूला सारून पाहावे: तिथे कातडी लाल झाली असेल किंवा केस तुटले असतील, तर हार्नेस कितीही महागाचे असले तरी त्या कुत्र्यासाठी ते चुकीचे आहे.

अंगापिंडाने दांडग्या कुत्र्यासाठी, विशेषतः सांभाळणारी व्यक्ती वयस्कर असेल तर, तोंडावरून जाणारा हेड हॉल्टर उपयोगी पडतो. बैलाच्या म्होरकीप्रमाणे तो डोके वळवतो, मुसक्याप्रमाणे तोंड बंद करत नाही. त्याची सवय खाऊ देत सावकाश लावावी लागते आणि त्याला हिसका कधीही देऊ नये, कारण तो थेट मानेच्या मणक्यांपर्यंत पोहोचतो.

कारवानी किंवा मुधोळ जातीच्या कुत्र्याची मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड असते, त्यामुळे तो घाबरून मागे सरला की साधा पट्टा डोक्यावरून सहज निसटतो. रस्त्यावर भटकी कुत्री अंगावर येण्याची शक्यता असेल, तिथे हार्नेस आणि गळपट्टा एका छोट्या दुव्याने जोडून ठेवावेत, म्हणजे एक निसटला तरी दुसरा टिकतो. हातातली दोरी दीड ते दोन मीटरची, सपाट विणीची असावी. आपोआप लांबणारी बारीक दोरी बोटाभोवती गुंडाळली गेली तर कापते, शिवाय ती सतत ताणलेली राहत असल्याने ओढल्यावरच वाट मिळते हाच धडा कुत्र्याला देते. दोरी ताणली गेली की जागीच थांबावे आणि ती सैल होताच पुढे निघावे, असा नेम घरातल्या सर्वांनी पाळला तरच साधनाचा उपयोग होतो.

वाढत्या पिल्लाचे माप दर दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे, आणि फिरताना खोकणाऱ्या कुत्र्याचा गळपट्टा त्याच दिवशी उतरवून त्याला पशुवैद्यांकडे न्यावे.