ओझं पेलणारा फुगा

साठ किलो वजनाच्या माणसाला जमिनीवरून उचलायला केवढा फुगा लागेल? हायड्रोजनचा एक घनमीटर साधारण किलोभर वजन उचलतो. त्यामुळे फुग्याचं स्वतःचं वजन बाजूला ठेवलं, तर पाच मीटर व्यासाचा फुगाही पुरतो. त्याच माणसाला 40 किलोमीटर उंचीवर तोलून धरायचं म्हटलं की हिशेब पार बदलतो. तिथे घनमीटरभर हवा चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. फुगा किमान 32 मीटर व्यासाचा, म्हणजे दहामजली इमारतीएवढा लागतो. शिवाय एवढ्या पसाऱ्याच्या आवरणाचंही वजन असतं. ते उचलायला फुगा आणखी मोठा करावा लागतो आणि मोठा केला की वजन पुन्हा वाढतं. यातून वाट काढायची तर आवरण जमेल तितकं पातळ करावं लागतं, आणि तरीही ते फाटू द्यायचं नसतं.

हे काम भारतात गेली पन्नासहून अधिक वर्षं हैदराबादच्या एका आवारात चालू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं हे बलून केंद्र. फुग्याचं गणित मांडणं, फिल्म तपासणं, फुगा तयार करणं, त्यात वायू भरून तो सोडणं आणि खाली आलेली उपकरणं शोधून आणणं ही सगळी कामं एकाच ठिकाणी होतात, अशी केंद्रं जगात मोजकीच आहेत. पाचशेहून अधिक फुगे इथून गेले आहेत. आपल्याकडे अग्निबाणांचं कौतुक घराघरांत होतं, त्या मानाने या केंद्राचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या कामाचा उगम टीआयएफआरचे संस्थापक होमी भाभा यांच्या विश्वकिरणांच्या ध्यासात आहे. अवकाशातून येणारे हे कण पकडायचे तर वातावरणाचा बराचसा थर खाली टाकून वर जायला हवं. 1940च्या दशकात त्यासाठी रबरी फुग्यांचे झुबके सोडले जात. रबराचा गुण म्हणजे ते ताणतं, आणि तोच त्याचा दोषही आहे. वर हवेचा दाब घटत जातो तसा फुगा फुगतच राहतो आणि एका उंचीला फुटतो. उन्हाने आणि ओझोननेही रबर लवकर खराब होतं. वर पोहोचून तासन्‌तास स्थिर राहणं त्याला जमत नाही.

उत्तर मिळालं ते पॉलिथिनमध्ये. अमेरिकेत ओटो विन्झेन आणि जनरल मिल्स कंपनीने 1947 साली पॉलिथिनचे मोठे फुगे उडवायला सुरुवात केली. 1950च्या दशकात टीआयएफआरनेही तोच रस्ता धरला. बर्नार्ड पीटर्स तेव्हा संस्थेत विश्वकिरणांवर काम करत होते. मग 1970च्या सुमारास हैदराबादला कायमचं केंद्र उभं राहिलं. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्यामुळे कमी ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीचं चुंबकत्वच अडवतं, त्यामुळे फुग्यांवरून पाठवल्या जाणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणींना इथे गोंगाट कमी मिळतो. शिवाय दख्खनच्या मधोमध असल्याने फुगा पूर्वेला गेला काय किंवा पश्चिमेला, खाली बऱ्याच अंतरापर्यंत जमीन असते. या केंद्राविषयीच्या शोधनिबंधांवर गोखले, दामले, रेडकर अशी नावं वाचताना मराठी वाचकाला ओळखीचं वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पातळ आवरण ओझं कसं पेलतं? आधी जमिनीवरचा सोपा दाखला घेऊ. मोठ्या रबरी फुग्यावर माणूस बसला, तर टेकलेली जागा रुंदावत जाते. वजनाला त्या जागेने भागलं की आतला वाढीव दाब मिळतो. हा दाब फुग्याच्या सगळ्या आवरणाला सारखाच लागतो, पण आवरणावर येणारा ताण सगळ्या फुग्यांत सारखा नसतो. तो दाबाबरोबर वाढतो आणि फुग्याच्या त्रिज्येबरोबरही वाढतो. दाब तोच असला, तरी मोठ्या फुग्याचं आवरण जास्त ताणलं जातं. मोठा फुगा जास्त दणकट असणार असं आपण सहज धरून चालतो, पण प्रत्यक्षात मोठेपणा हाच त्याचा धोका असतो.

आकडे घेऊन पाहू. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वातावरणाच्या एक हजारांशाने जास्त आहे असं समजा. 15 सेंटिमीटर त्रिज्येच्या फुग्यात मीटरभर रुंदीच्या पट्ट्यावर एक किलोचाही ताण येत नाही. 50 मीटर त्रिज्येच्या फुग्यात त्याच पट्ट्यावर अडीचशे किलोचा ताण येतो. शास्त्रीय बलूनची फिल्म साधारण 20 मायक्रॉन जाडीची असते. तिचा मीटरभर रुंद पट्टा वीसेक किलोच्या पुढे गेला की कायमचा ताणला जाऊ लागतो. म्हणजे हजारांशाएवढा दाबसुद्धा या फुग्याला परवडणारा नाही.

म्हणून हा फुगा खालून उघडा ठेवतात. जादा झालेला वायू खालच्या नळ्यांतून निघून जातो आणि तळाशी आतबाहेरचा दाब सारखा राहतो. याला शून्य-दाब बलून म्हणतात. ज्या फुग्याने अर्ध्या टनाची दुर्बीण उचलायची, त्याचं तोंड मुद्दाम मोकळं सोडायचं, ही मला या सगळ्या विद्येतली सर्वात देखणी गोष्ट वाटते.

उरतं ते ओझं. ते फिल्मवर टाकायचंच नाही, असं ठरवून फुग्याचा आकार काढतात. संत्र्याच्या फाकांसारखे फिल्मचे लांबच लांब पट्टे कापायचे, त्यांच्या कडा उष्णतेने एकमेकींना सांधायच्या आणि प्रत्येक सांध्याबरोबर डोक्यापासून तळापर्यंत मजबूत तंतूंची एक फीत, म्हणजे लोड टेप, बसवायची. या सगळ्या फिती तळाच्या कड्यात येऊन मिळतात आणि कड्याखाली उपकरणांची पेटी लोंबते. आकार असा निवडतात की आडव्या दिशेला फिल्मवर जवळजवळ ताणच येऊ नये. सगळं ओझं फितींनी वर न्यायचं, फिल्मने फक्त वायू अडवून धरायचा. त्यामुळे कारखान्यातलं खरं कसब सांध्यांचं असतं. एका फुग्यात कित्येक किलोमीटर सांधा असतो, आणि त्यातला वीतभर कच्चा राहिला तरी फुगा जातो. फिल्मवर बारीक भोक, चुणी किंवा चरा राहिला नाही ना, हे उजेडात डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

उड्डाणाची वेळ वेगळाच कस लावते. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा फुगा जमिनीवर लांबवर पसरतात आणि फक्त डोक्याकडच्या भागात वायू भरतात. वर गेल्यावर जवळजवळ तीनशे पट फुगायचं असल्यामुळे खाली तो लोंबता, बहुतांशी रिकामाच दिसतो. पण सगळी उचल त्या छोट्या बुडबुड्यात एकवटलेली असते आणि माथ्यावर सर्वात जास्त ताण याच वेळी येतो. म्हणून माथ्याला फिल्मचे जादा थर लावतात. वर पूर्ण फुगल्यावर तिथला दाब नगण्य होतो.

त्यानंतरची परीक्षा थंडीची, आणि ती भारतात विशेष कडक आहे. तपांबर, म्हणजे वातावरणाचा सर्वात खालचा थर, जिथे संपतो त्या तपस्तब्धीची उंची युरोप-अमेरिकेच्या मध्य अक्षांशांवर 11 किलोमीटरच्या आसपास असते आणि तापमान उणे 55 ते 60 अंशांपर्यंत उतरतं. दख्खनवर ती 16-17 किलोमीटरवर असते आणि तिथे पारा उणे 80 ते 90 अंशांपर्यंत जातो. जमिनीवर उकाडा आणि डोक्यावर ध्रुवाला लाजवील अशी थंडी, हे उष्ण कटिबंधाचं वैशिष्ट्यच आहे. एवढ्या गारठ्यात पॉलिथिन ठिसूळ होतं आणि नेमकं तेव्हाच फुग्याला घड्या उलगडत फुगायचं असतं. सुटल्यापासून तासाभराने फुगा या पट्ट्यातून जातो. परदेशात उत्तम चाललेली फिल्म इथे दगा देते, ती याच ठिकाणी. त्यामुळे उणे 90 अंशांतही न तडकणारी 'अँट्रिक्स' ही फिल्म टीआयएफआरने विकसित केली. जाडी वाढवणं हा सोपा उपाय होता, पण त्याने वजन वाढून उंची गेली असती. मूळ पॉलिथिनचा प्रकारच बदलणं हे चिकाटीचं काम होतं आणि ते इथे झालं.

अशा फुग्याने काय मिळवलं, याचं एक उदाहरण मराठी माणसाच्या जवळचं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना पाहायचं होतं की वातावरणाच्या खूप उंच थरांत सूक्ष्मजीव सापडतात का. 20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून 2 कोटी 67 लाख घनफूट आकारमानाचा फुगा सुटला. त्याखाली 459 किलोची पेटी होती, आणि तिच्यात 38 किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या निर्जंतुक पोलादी नळ्या. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा या नळ्यांत गोठवून भरली गेली आणि पॅराशूटने खाली आली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात नमुने स्वतंत्रपणे तपासले गेले. तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाले. त्यांतल्या एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकाला इस्रोचं आणि एकाला आर्यभटाचं नाव दिलं गेलं. ते मुळात पृथ्वीवरचे की बाहेरचे, हा वाद मिटलेला नाही. पण 41 किलोमीटरवरची हवा भेसळ न होता हातात आली, यामागे त्या फिल्मचा न फाटण्याचा गुण आहे.

त्याच वर्षी मुंबईने माणसाला उचलणारा फुगा पाहिला. 26 नोव्हेंबर 2005 रोजी 67 वर्षांचे उद्योगपती विजयपत सिंघानिया महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्याने उडाले, 21,027 मीटरवर पोहोचले आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ उतरले. तो विश्वविक्रम होता. हा फुगा ब्रिस्टलच्या कॅमेरॉन कंपनीने बनवलेला होता. गरम हवेची उचल हायड्रोजनच्या मानाने बरीच कमी, त्यामुळे आवरण प्रचंड लागतं आणि बर्नरच्या झळा सोसायच्या असल्याने तिथे पातळ पॉलिथिन चालत नाही, कापडच लागतं. माणूस आत बसला की हवाबंद कुपी, प्राणवायू आणि इंधन यांचं ओझं माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट होतं. माणसाऐवजी यंत्रं पाठवणारे फुगे त्याच्या दुप्पट उंची सहज का गाठतात, ते यावरून कळतं.

शून्य-दाब फुग्याचा टिकाऊपणा रात्री अडतो. सूर्य मावळला की वायू थंड होऊन आकसतो आणि फुगा खाली येऊ लागतो. मग पेटीतले पोलादी छरे टाकून वजन हलकं करावं लागतं. छरे संपले की मुक्काम संपला. यावर नासाने भोपळ्याच्या आकाराचा बंद फुगा काढला. त्यात फितींच्या दरम्यान फिल्म बाहेर फुगून लहान लहान गोलाया तयार करते. ताण त्रिज्येवर ठरतो म्हटलं ना, मग त्रिज्याच लहान केली. 2016 साली न्यूझीलंडच्या वानाका इथून सुटलेला असा फुगा 46 दिवस तरंगत राहिला.

दुसरीकडे पातळपणाची स्पर्धाही चालू आहे. जपानने 2013 साली 2.8 मायक्रॉन फिल्मचा फुगा 53.7 किलोमीटरवर नेला. टीआयएफआरनेही तीन मायक्रॉनहून पातळ अँट्रिक्स फिल्मचे फुगे पन्नास किलोमीटरच्या पल्याड, मध्यांबर या वरच्या थरात पोहोचवले. ते किलोभराचं उपकरण नेतात, पण अग्निबाणाखेरीज जिथे काही पोहोचत नाही तिथली हवा मोजतात.

मोहीम संपली की जमिनीवरून आज्ञा जाते, दोर तुटतो, फुगा फाटतो आणि उपकरणं रंगीत पॅराशूटखाली उतरतात. वाऱ्यानुसार ती विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर पट्ट्यात कुठेही येऊ शकतात. त्यामुळे उड्डाणांच्या हंगामाआधी केंद्र सोलापूरसह त्या भागातल्या लोकांना दरवेळी कळवतं: शेतात अशी पेटी दिसली तर ती उघडू नका, हलवू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते, आणि आतली नोंद नुसत्या हाताळण्यानेही कायमची जाऊ शकते.